वर केलेले हात

"डोन्ट बी शाय, लव्ह," हेलनबाई म्हणाल्या आणि माझ्या कापडी पिशवीत बीन्सचा डबा टाकला. मग टोमॅटोचा. मग सूपचा. मग पास्त्याचं पाकीट.

माझा उजवा हात अजून वरच होता. हातात नोट होती. बाईंनी ती पाहिली. हात धरून खाली घेतला, माझी बोटं एकेक करून मिटवली, नोट माझ्याच मुठीत राहील अशी, आणि वरून मूठ थोपटली. "ठेव तुला. लागतील," असं इंग्रजीत म्हणाल्या.

सगळं चर्च बघत होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, हसणाऱ्याला काहीतरी उत्तर देता येतं. ते सगळे माझ्याकडं मायेनं बघत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर उठून आपल्या खिशातली चॉकलेटची वडी माझ्या पिशवीत सोडली.

शेवटी बाईंनी पिशवीत सगळ्यात वर माझाच स्टीलचा डबा ठेवला. शेंगदाण्याच्या लाडवांचा. झाकणावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर शेंगदाणा आणि पुढं प्रश्नचिन्ह. डबा उघडलासुद्धा नव्हता. घरी केलेलं पुढं वाटता येत नाही, कुणाला शेंगदाणा सोसत नाही, नियम आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. आवाज अगदी गोड.

म्हणजे मी दिलेलं परत आलं. न मागितलेलं पदरात पडलं. आणि मी काय केलं? मी "थँक्यू" म्हणाले. एकदा म्हणून भागलं नाही, दारातून वळून पुन्हा म्हणाले. आजही तो थँक्यू आठवला की कानशिलं तापतात.

माझा हात वर का होता, ते सांगते.

मी शिरूरची. मराठी ख्रिस्ती. मिशनच्या जुन्या कंपाउंडातल्या चर्चमध्ये आमच्या चार पिढ्या बसल्या. पप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात फिटर. मम्मी बालवाडी चालवते. आबा, म्हणजे पप्पांचे वडील, न्हावऱ्याला राहतात. थोडा कांदा, दोन म्हशी, दूध डेअरीला. मी फूड टेक्नॉलॉजी शिकायला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात गेले. नवी होते, थंडीनं आणि एकटेपणानं पार गळाले होते. तेव्हा हेलनबाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका. परदेशी विद्यार्थ्यांना चर्चमध्ये घेऊन जाणं हे त्यांनी स्वतःकडं घेतलेलं काम. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मी त्याच दिवशी डबे तिथंच ठेवून आले असते.

एक दिवस त्या म्हणाल्या, पुढच्या रविवारी हार्वेस्ट फेस्टिवल आहे. मला इतका आनंद झाला! अगं बाई, म्हटलं, हा तर आपलाच सण.

आमच्याकडं सुगी घरात आली की हंगामाचा सण असतो. जो तो आपल्या घरचं चांगल्यात चांगलं चर्चमध्ये घेऊन येतो. कांद्याची पोती, बाजरीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, पाय बांधलेला कोंबडा. कुणाची नुसती अंडी, कुणाचं एकच लिंबू. सगळं वेदीपुढं मांडायचं. उपासना झाली की बाहेर कडुलिंबाखाली त्याचा लिलाव. तो आबा पुकारायचे. आमचे आबा एरवी मवाळ माणूस, पण हातात भोपळा आला की त्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा.

"बोला, बोला! देवाचा भोपळा हाय! हात आखडू नका!"

मग हात वर. एक वार. दोन वार. या लिलावात स्वस्तात कुणी काही घेत नाही. उलट बाजारात कवडीमोल असलेली वस्तू चढत्या बोलीनं घ्यायची, आणि घेतली की पुन्हा आबांच्या हातात द्यायची. म्हणजे तिचा पुन्हा लिलाव. एकच लिंबू दुपारभर फिरतं. शेवटी ज्याच्या घरात औंदा पाळणा हललाय किंवा लग्न झालंय, तो ते घरी नेतो. पैसा चर्चच्या छपराला, शाळेच्या फळ्याला, कुणाच्या आजारपणाला. आमच्यात चार घरची धुणीभांडी करणारी एक मावशी आहे. ती दरवर्षी गवारीची एक जुडी बोली लावून सोडवते आणि ती छातीशी धरून अशी ताठ चालत जाते की बघत राहावं.

आबांचा एक नियम होता. देवापुढची वस्तू बिनबोलीची राहता कामा नये. कुणीच हात वर केला नाही, तर पुकारणाऱ्यानं स्वतः घ्यायची. मी पहिलीत असताना एका पेरूसाठी हात वर केला, तेव्हा आबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "शाब्बास! हात वर जातो तो द्यायला. मागणाऱ्याचा हात खाली आसतो."

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या चर्चमध्ये गेले. आदल्या दिवशी भाड्याच्या घरातल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजले, धुराचा भोंगा वाजला, घरातले सगळे बाहेर पळाले, मी सगळ्यांची माफी मागितली, आणि तरी लाडू वळले. चर्चमध्ये टेबल मांडलेलं. भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढीसारखा भाजलेला मोठा पाव. बाकी नुसते डबे. मला वाटलं, शहरातली माणसं, शेती कुठली, डबे तर डबे. उपासना संपली. लोक कॉफीकडं निघाले. लिलाव काही सुरू होईना. म्हटलं, इंग्रज माणूस संकोची असतो म्हणतात, कुणीतरी सुरुवात करायला हवी. म्हणून मी टेबलाजवळ गेले, तो गव्हाच्या पेंढीसारखा पाव डाव्या हातानं उचलला आणि उजव्या हातानं नोट वर धरली. हसत होते मी. पहिली बोली आपली, शिरूरची.

त्यांना काय दिसलं? परदेशी पोरगी. काळी. उपाशी. पाव उचललाय आणि असतील नसतील ते पैसे पुढं करतेय.

ते टेबल गरिबांसाठी होतं. हे मला नंतर कळलं. त्यांना मात्र गरीब कोण ते लगेच कळलं.

हे सगळं पाहायला आणखी एक माणूस तिथं हजर होता. विराज. दौंड तालुक्यातल्या खुटबावचा. घरचा ऊस, घरचे ट्रॅक्टर, वडील सोसायटीचे चेअरमन. आम्ही एकाच वर्गात होतो. चर्चशी त्याचा संबंध जेवणापुरता. सणाच्या दिवशी तिथं सगळ्यांना जेवण असतं, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. मला डबे मिळत होते तेव्हा तो कोपऱ्यात प्लेट भरून केक खात उभा होता. त्याला कुणी गरीब समजलं नाही. गोरा, उंच, चांगलं जॅकेट. तो पाहुणा.

परतताना बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. पिशवीत डोकावला.

"काय मग, रेशन मिळालं का?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"आगं, चेष्टा केली. पण तुम्हा लोकांचं बरं हाय राव. मिशनवाले हितं पण सोडत न्हाईत तुम्हाला."

एवढंच म्हणाला. पुढं मोबाईल बघत बसला. आणि मला शिरूरची शाळा आठवली. सहावीत एका मुलानं भर वर्गात म्हटलं होतं, हे लोक गव्हाच्या पोत्यासाठी बाटले. वर्ग हसला. बाई त्याच्यावर रागावल्या. म्हणाल्या, "असं बोलू नये, तिला वाईट वाटतं." हे खोटं आहे, असं बाई म्हणाल्या नाहीत. मी न्हावऱ्याला जाऊन आबांना विचारलं, आपल्याला गहू मिळाला होता का? आबा बराच वेळ म्हशीला पाणी दाखवत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या खापरपणज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. त्याचं पोरगं शाळेच्या बाहेर, उन्हात बसायचं. मिशनच्या शाळेत त्याला आत बसाया मिळालं. मंग दुष्काळात गहू बी मिळाला आसंल. पर आधी बसाया मिळालं."

आम्ही आधी कोण होतो, ते गावाला माहीत होतं. अजून आहे. धर्म बदलला, नावं बदलली, पण गावानं आमच्याकडं बघायची नजर बदलली नाही. फक्त तिच्यात गव्हाचं एक पोतं वाढवलं.

आणि दर नाताळला त्या पोत्याची उजळणी होते. एक पुढारी येतात. चर्चच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, ब्लँकेटचे गठ्ठे. बायकांना रांगेत उभं करतात. फोटोवाला ओरडतो, "ताई, हात जरा पुढं करा!" दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आबा त्या रांगेत कधी गेले नाहीत. मम्मी जाते. म्हणते, ब्लँकेट ते ब्लँकेट, त्याला काय दात हायत का? मी लहानपणी तिच्या पदराआड उभी असायची, फोटोत तोंड येऊ नये म्हणून.

तीच पदराआडची पोरगी त्या दिवशी बसमध्ये बसली होती. फक्त आता पदर नव्हता.

ते डबे मी पलंगाखाली सारले. टाकवेनात, कारण अन्न टाकायचं नाही हे घरात शिकलेलं. खाववेनात, कारण घशाखाली उतरेनात. सुटकेस ओढली की डबे एकमेकांवर आपटायचे. त्या आवाजानंसुद्धा मला लाज वाटायची, जणू शेजारच्या खोलीत ऐकू जाईल की हिला फुकटचं मिळालंय. लाडू मात्र मीच खाल्ले. रात्री जेवायच्या ऐवजी दोन-दोन.

त्याच आठवड्यात आबांचा व्हिडिओ कॉल आला.

"आगं, तिकडं लिलाव कोण पुकारतं?"

"इथं लिलाव नसतो, आबा."

"मंग वस्तूंचं काय करत्यात?"

"गरिबांना देतात."

"हे चांगलं हाय की! तू काय नेलं व्हतं?"

"लाडू."

"मंग? खाल्ले का गरिबांनी?"

"हो, आबा. सगळे खाल्ले."

आबा खूश झाले. मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसलं.

विराजनं ही गोष्ट कुठं कुठं सांगितली ते मला दिवाळीत कळलं. भारतीय मुलांचा कार्यक्रम होता. जेवणाच्या ओळीत मी ताट घेऊन उभी राहिले, तर वाढणाऱ्या पोरानं छोल्यांचा एक बंद डबाच माझ्या ताटात ठेवला. "डोन्ट बी शाय, लव्ह!" सगळी रांग हसली. पुण्याच्या मुली हसल्या, दिल्लीचे हसले. मीही हसले. हसले नसते तर माणूसघाणी ठरले असते. त्या हसण्याची लाज मला डब्यांहून जास्त वाटते.

आता तुम्ही म्हणाल, विराज एवढा निबर कसा? तो निबर नव्हता. बर्फात पाय घसरला तेव्हा मला दवाखान्यात त्यानंच नेलं होतं. आणि त्याच्यावरही वेळ आली. वर्गात अन्नटंचाईवर चर्चा चालली होती. एका इंग्रज मुलीनं अगदी कळवळून त्याला विचारलं, तुमच्या खेड्यात लोकांना रोज जेवायला मिळतं का? तू लहानपणी उपाशी झोपला असशील ना? विराज लालबुंद झाला. आमच्या दारात दोन ट्रॅक्टर आहेत, असं काहीतरी म्हणाला. मुलगी आणखीच कळवळली. मला त्याच्याविषयी खरोखर वाईट वाटलं. वाटलं, आता याला कळेल. बाहेर आल्यावर मी त्याच्यासोबत चालायला लागले.

"यांना काय कळतंय?" तो म्हणाला. "आम्ही काय तसले हाय का?"

आणि माझ्याकडं बघून त्यानं नजर वळवली.

तसले. म्हणजे मी. म्हणजे माझे आबा, माझी मम्मी, गवारवाली मावशी. त्याच्या अंगावर आलेली घाण त्यानं झटकली, पण ती पडावी कुठं हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्या दिवशी माझं एक खूळ गेलं. परदेशात आपण सगळे सारखे, हे खूळ.

फेब्रुवारीत हेलनबाई घरी आल्या. चर्चमध्ये मिशनचा रविवार होता. बाहेरच्या देशांतल्या चर्चसाठी त्या दिवशी मदत गोळा करतात. मी पुढं येऊन चार शब्द बोलावेत, असं त्यांना वाटत होतं. "तुझ्या लोकांबद्दल सांग. तुमचं आयुष्य कसं होतं, कसं बदललं." गावाकडचा एखादा फोटोही मागितला. मला वाटलं, ही संधी आहे. हंगामाच्या सणाचं सांगावं, लिंबू दुपारभर फिरतं ते सांगावं. मम्मीनं फोटो पाठवला. कडुलिंबाखाली स्टुलावर आबा, खांद्यावर भोपळा, आणि समोर गर्दीतून वर गेलेले हात. ऐन बोलीच्या रंगातला फोटो. मी तो बाईंना दिला. ही उपासना इंटरनेटवरही दिसणार होती. मी घरी सांगितलं. आबांनी न्हावऱ्याहून शिरूरला यायचं ठरवलं, पप्पांच्या मोबाईलवर नातीचं भाषण बघायला.

त्या रविवारी मी डब्यांची पिशवी सोबत घेतली होती. दाराशी एक पेटी असते, गरिबांसाठी डबे टाकायची. गुपचूप त्यात टाकायचे आणि मोकळं व्हायचं, एवढंच मनात होतं. पण दाराशी हेलनबाईच उभ्या. मला त्यांच्या देखत टाकवेना. पिशवी घेऊन मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. मागं शेवटच्या बाकावर विराज होता. त्या दिवशीही जेवण होतं.

गाणं झालं. प्रार्थना झाली. पडदा उजळला आणि फोटो आला.

आबा नव्हते. फोटो कापला होता. स्टूल नाही, भोपळा नाही, कडुलिंब नाही. नुसते हात. पडदाभर वर केलेले काळे हात. आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'मदतीसाठी पसरलेले हात'.

ते हात मी ओळखत होते. काचेच्या बांगड्यांचा हात मम्मीचा. मनगटाला काळा दोरा तो पप्पांच्या मित्राचा. साबणानं फुटलेल्या बोटांचा गवारवाल्या मावशीचा. ऐन बोलीतले हात. लोक पडद्याकडं बघून हळूच माना हलवत होते, कुणीतरी जीभ टाळूला लावून चकचक केलं. मला वाटलं, जमीन फाटावी.

खिशातला मोबाईल थरथरला. मम्मीचा मेसेज. "आबा बगतायत. इचारतायत फोटोखाली काय लिवलंय."

आणि माझं नाव पुकारलं गेलं.

मी उठले. पिशवी हातातच राहिली. पायऱ्या चढताना डबे वाजले. समोर दोनेकशे माणसं, कोपऱ्यात कॅमेरा, कॅमेऱ्यापलीकडं आबा. जे बोलायचं म्हणून घोकलं होतं, ते सगळं विसरले. खोटं कशाला, मला रडू यायला लागलं. नाक गळायला लागलं. एवढ्या माणसांसमोर नाक पुसायलाही लाज वाटत होती.

मी इंग्रजीत म्हणाले, "या फोटोतला एकही हात मागत नाहीये."

कुणाला कळलं नाही. मग मी सांगत गेले, तुटक, जमेल तसं. हा लिलाव आहे. बांगड्यांचा हात माझ्या आईचा आहे. ती भोपळ्याची बोली लावतेय. चर्चच्या छपरासाठी. तिच्या शेजारची बाई भांडी घासते, तीही बोली लावतेय. फोटोत माझे आजोबा होते, ते तुम्ही कापले. ते आत्ता तुम्हाला बघतायत. आणि सप्टेंबरात मी इथं हात वर केला होता, तोही बोलीचा होता. तुम्ही त्याच्यात डबे दिलेत. हे घ्या.

एकेक डबा काढून मी पायरीवर ठेवला. बीन्स. टोमॅटो. सूप. सूपचा डबा ठेवताना कलंडला आणि घरंगळत खाली गेला. चर्चमध्ये तेवढाच आवाज.

इथवर माझं इंग्रजी संपलं. पुढचं इंग्रजीत नव्हतंच. मी बीन्सचा डबा उचलला, वर धरला आणि मराठीत पुकारलं.

"बोला! देवाचा डबा हाय! हात आखडू नका! एक वार!"

पाळक, म्हणजे तिथले पाद्री, हेलनबाईंकडं बघायला लागले. हेलनबाई आपल्या हातांकडं.

"दोन वार!"

त्या अख्ख्या चर्चमध्ये माझा शब्द न् शब्द कळणारा एकच माणूस होता. मी विराजकडं बघितलं. सरळ बघितलं. त्याला मराठी कळत होतं, लिलाव कळत होता, मला तिथं एकटीनं उभं राहणं किती जड जात होतं तेही कळत होतं. नुसता हात वर करायचा होता. खुटबावच्या पोराला शिरूरच्या पोरीसाठी. तो मोबाईल बघत होता.

मी थांबले. आबा थांबतात तेवढं थांबले.

"तीन वार."

कुणीच नाही. मग नियमाप्रमाणं मी माझाच हात वर केला. पर्समधून नोट काढली, दानाच्या ताटात ठेवली, बीन्सचा डबा पिशवीत घातला आणि खाली उतरले. या वेळी थँक्यू म्हणाले नाही.

उपासनेनंतर हेलनबाई आल्या. रडत होत्या. आम्हाला फक्त चांगलं करायचं होतं, असं परत परत म्हणत होत्या. "इट्स ओके" हे दोन शब्द माझ्या अगदी ओठावर आले होते. सवयीनंच आले होते. मी ते गिळले. त्या रडत राहिल्या आणि मी त्यांच्यासमोर गप्प उभी राहिले. सोपं नव्हतं. आपल्याला समोरच्याची समजूत काढायचीच सवय असते, मार आपण खाल्लेला असला तरी.

बाहेर विराजनं गाठलं.

"कशाला तमाशा केलास? आपल्या लोकांची इज्जत घालवली."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

तो जॅकेटची चेन लावायला लागला.

"तू हात का नाही वर केलास?"

"मी काय क्रिश्चन हाय का?"

"जेवायला होतास की."

तो निघून गेला. पुन्हा आम्ही बोललो नाही.

आबांचा फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर होते. मला वाटलं, रडतील, नाहीतर रागावतील. आबा म्हणाले, "आवाज बारीक लागला. तीन वार म्हणताना छातीत दम राखायचा." मग म्हणाले, "मम्मीनं सांगितलं मला काय लिवलं व्हतं ते." फोन चालू होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझ्या आबांना मी आयुष्यात पहिल्यांदा लाजलेलं ऐकलं. ती लाज त्यांची नव्हती. ती ज्यांची होती ते आत कॉफी पीत होते. पण ती वाहावी लागली माझ्या आबांना, सातासमुद्रापलीकडं, पोराच्या घरात बसून.

हे मी विसरणार नाही. कुणी कितीही गोड बोललं तरी.

शिक्षण संपवून मी परत आले. आता दौंड तालुक्यात एका दूध प्लांटच्या लॅबमध्ये काम करते. रोज स्कूटीवरून न्हावऱ्यावरून जाते-येते, वाटेत आबांकडं चहा. नाताळ तोंडावर आलाय. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, साहेब, म्हणजे तेच पुढारी, यंदाही ब्लँकेट वाटायला येणार आहेत, महिलांनी लवकर येऊन पुढं बसावं, फोटो चांगला येतो. मम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि नजर चोरली.

घरी आल्यावर म्हणाली, "आगं, थंडी हाय. ब्लँकेटच हाय ना?"

"थंडी आहे. मी विकत आणलंय."

"मंग मी काय रांगेत न्हाई जायचं?"

"नाही."

"लोक काय म्हणतील?"

लोक म्हणतच आलेत. गहू म्हणून झाला, रेशन म्हणून झालं. तिथं डबा, इथं ब्लँकेट, आणि मधे आमचा हात, ज्याच्या त्याच्या फोटोला लागेल तसा कापलेला.

मी पाळकसाहेबांना जाऊन सांगून आले. साहेबांना येऊ द्या. मांडव घालू द्या, फोटोवाला आणू द्या. पण आमच्या पटांगणात वस्तू वाटली जात नाही, वस्तूवर बोली लागते. गठ्ठ्यातलं पहिलं ब्लँकेट मी उचलणार आणि पुकारणार. पहिली बोली साहेबांची. नाही लागली, तर पुकारणाऱ्यानं घ्यायचं हा आमचा नियम आहे. मी घेईन, त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर पैसे देऊन घेईन, आणि बाकीचा गठ्ठा त्यांच्याच गाडीत परत चढवीन. पाळकसाहेब म्हणाले, बाई, वर्गणीचं बघावं लागतं, साहेब नाराज होतील. होऊ देत.

मम्मी अजून दोन दिवस धुसफुसेल. रांगेतले काहीजण माझ्यावर चिडतील, त्यांना खरंच थंडी वाजते, आणि ते खोटं नाही. तेही मी ऐकून घेईन. पण हात पुढं करा असं पुन्हा कुणी आमच्या बायकांना म्हणालं, तर आधी त्याला माझ्याशी बोलावं लागेल.

आबांना सांगून ठेवलंय. या वेळी आवाज बारीक लागणार नाही.